‘ने’, ‘को’, ‘से’ मराठीच्या अंगाने शिकवणारा उर्दू क्लास: सविस्तर रिव्ह्यू

उर्दूचा क्लास शोधताय आणि घरात मराठी बोलता, तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठीच आहे. क्लास ऑनलाईन आहे, शनिवार-रविवार सकाळी, एक मॅडम एकट्याच चालवतात, मोठी संस्था वगैरे काही नाही. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे दोन-तीन तक्रारी पण लिहिल्यात आणि एकट्या बाईच्या क्लासला त्यावरून त्रास व्हायला नको. सगळे त्यांना आपा म्हणतात. मूळच्या लखनौच्या, लग्न होऊन औरंगाबादला आल्या आणि तिथल्याच झाल्या, त्यामुळे लखनवी उर्दू, दखनी (दख्खनकडची बोली उर्दू) आणि मराठी या तिन्ही त्यांच्या तोंडात सहज आहेत, आणि या क्लासचं सगळं बळ तिथेच आहे.

आधी हे सांगते की हा लिपीचा क्लास नाही. अलिफ-बे-पे येत नसेल तर ते आधी करून या, त्यासाठी फुकटचे व्हिडिओ भरपूर आहेत. गजला उलगडून सांगायचा क्लास पण नाही. इथे फक्त कवायद म्हणजे व्याकरण, आणि त्यातही भर दोनच गोष्टींवर, क्रियापद वाक्यात कोणाच्या मागे जातं आणि ने, को, से, का, में, पर लागले की नामाचं काय होतं. ऐकायला कोरडं वाटेल पण आपण मराठी लोक हिंदी-उर्दू बोलायला लागलो की ज्या जागी लगेच ओळखू येतो त्या जवळजवळ सगळ्या जागा याच दोन गोष्टींत आहेत. ख आणि क चे घशातले उच्चार वगैरे नंतरची गोष्ट. (नुक्ते, म्हणजे अशा उच्चारांसाठी अक्षराखाली देतात ती टिंबं, मी इथे देत नाहीये, वाचताना लावून घ्या.)

बाकीचे कोर्स मी बघितलेत, पुस्तकंही चाळलीत, त्यातलं बहुतेक सगळं इंग्रजीतून येणाऱ्या माणसासाठी असतं. तिथे ‘ने’ म्हणजे काहीतरी अजब प्रकार असल्यासारखं शिकवतात, दहा पानं नुसती समजूत घालण्यात जातात की बघा हं भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे जातं, घाबरू नका. अहो आपल्याला हे शाळेतच झालंय! कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग, मार्कांसाठी पाठ केलेलं. आपा सुरुवातच तिथून करतात. पहिल्याच लेक्चरला स्क्रीनवर मराठी वाक्यं, मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते, मुलाने पोळी खाल्ली, मुलीने आंबा खाल्ला. आणि त्याच्याखाली, लड़का आम खाता है, लड़की आम खाती है, लड़के ने रोटी खाई, लड़की ने आम खाया. बस, पाच मिनिटांत कर्तरी आणि कर्मणी आटोपलं, कारण चाल तीच आहे. मुलगा असो की मुलगी, पोळी खाल्ली म्हटलं की क्रियापद पोळीचं. त्यानंतर अख्खा कोर्स जातो तो फरकांवर, आणि तेच बरोबर आहे.

पहिला फरक मी-तू चा. मराठीत ‘त्याने पोळी खाल्ली’ मध्ये ने दिसतो पण ‘मी पोळी खाल्ली’ मध्ये दिसत नाही, आम्ही, तुम्ही, तू यांनाही काही लागत नाही, क्रियापद मात्र पोळीच्याच मागे. उर्दूत असं नाही, तिथे मैंने, तूने, हमने, आपने, सगळ्यांना ने पाहिजेच. म्हणून आपल्याकडचा माणूस बोलता बोलता ‘मैं बोल दिया उसको’ म्हणून जातो. दखनीत तर ने बऱ्याच ठिकाणी गळूनच गेलाय, ‘मैं रोटी खाया’ म्हणतात आणि क्रियापद सरळ बोलणाऱ्याच्या मागे, रोटीचा त्याच्याशी संबंधच नाही. आपा हे चूक म्हणून शिकवत नाहीत, हे मला फार आवडलं. दखनीचा कायदा वेगळा, त्या म्हणतात, तो जुना आहे आणि त्याचा मान वेगळा, पण तुम्ही किताबी उर्दू शिकायला आलात तर इथला कायदा हा. एवढं साधं वाक्य किती शिकवणारे बोलतात?

दुसरीकडे मराठी क्रियापद एक जास्तीचं काम करतं जे उर्दूत नाही. ‘तू पोळ्या खाल्ल्यास’ या एका शब्दात पोळ्यांचं लिंग-वचन पण आलं आणि शेवटच्या ‘स’ मध्ये तू पण आला. उर्दूत ‘तूने रोटियाँ खाईं’, क्रियापदात फक्त रोट्या, तू चा पत्ता नाही. आपल्या भाषेकडे असं बाजूला उभं राहून बघायला मिळतं ना, तेवढ्यासाठी सुद्धा हा क्लास करावा.

आता ने कुठे लागतो आणि कुठे नाही. नियम सगळीकडे सारखाच सांगतात, फेल मुतअद्दी म्हणजे सकर्मक असेल आणि काळ पूर्ण झालेला असेल, म्हणजे माजी मुतलक (खाया), माजी करीब (खाया है), माजी बईद (खाया था), तर ने. ‘खाता था’ ला नाही, ‘खा रहा था’ ला नाही. लाजिम म्हणजे अकर्मक, आना-जाना-सोना, त्यांना कधीच नाही. पण खरी मजा अपवादांत आहे आणि आपांनी अपवादांची यादी मराठीच्या शेजारी ठेवून बनवलीय. ‘लाना’ घ्या. मराठीत आईने आंबे आणले, आणलं म्हटलं की ने आलाच. उर्दूत ‘अम्मी आम लाईं’. ने नाही! सकर्मक आहे, भूतकाळ आहे, समोर आंबे दिसतायत, तरी क्रियापद अम्मीच्या मागे. कारण लाना हे मुळात ले आना, आणि शेवटी आना आहे, आना ला ने लागत नाही. एकदा कारण कळलं की पाठ करावं लागत नाही. बोलना आणि भूलना मात्र मराठीसारखेच चालतात, तो खोटं बोलला, वो झूठ बोला, तो नाव विसरला, वो नाम भूल गया, तिथे आपल्याला काहीच करायचं नाही.

आणि उलटे अपवाद त्याहून भारी. शिंकणे, खोकणे, थुंकणे, यात कर्म कुठे आहे? मराठीत तो शिंकला, ती खोकली, सरळ कर्तरी. उर्दूत ‘उसने छींका’, ‘लड़की ने खाँसा’. मुलगी खोकतेय पण क्रियापद खाँसा, पुल्लिंगी, कारण ने लागल्यावर तिच्याशी जुळायला बंदी आणि जुळवायला कर्म नाही, मग ते आपलं डिफॉल्ट पुल्लिंगी एकवचनात जाऊन बसतं. तसंच शिकणे. मराठीत ‘ती उर्दू शिकली’, उर्दूत ‘उसने उर्दू सीखी’. मुंबई-पुण्यातले कितीतरी लोक, अगदी आयुष्यभर हिंदी बोलणारे, ‘वो उर्दू सीखी’ म्हणतात आणि कोणी टोकत नाही म्हणून तसंच चालत राहतं.

जोड क्रियापदांचं लेक्चर मला सगळ्यात जास्त आवडलं. ‘उसने खाना खा लिया’ पण ‘वो खाना खा गया’. दोन्हीत खाणं तेच, जेवण तेच, पण ने ठरवतो तो शेवटचा शब्द. लेना ला ने लागतो, म्हणून उसने. जाना ला लागत नाही, म्हणून वो. तसंच चुकना, सकना, लगना आले की ने गायब, ‘वो खाना खा चुका’, ‘मैं ये काम नहीं कर सका’, ‘वो रोटी खाने लगा’. मराठीत पण मी हे काम करू शकलो नाही, तो खाऊ लागला, म्हणजे इथे आपला कान आधीपासून तयार आहे, नुसतं दाखवून द्यायला कोणीतरी लागतं.

भावे प्रयोग आला की परत सगळे खूश होतात कारण तो आपला हक्काचा. रामाने सीतेला पाहिलं, तिने मुलींना बोलावलं, क्रियापद ना कर्त्याचं ना कर्माचं, नपुंसकलिंगी एकवचन. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, मुजक्कर (पुल्लिंगी) आणि मुअन्नस (स्त्रीलिंगी) दोनच, म्हणून तिथे पुल्लिंगी एकवचन, ‘उसने लड़कियों को बुलाया’. को आला की कर्माची वाट बंद. इथपर्यंत सरळ. पण मग आपांनी एक जोडी ठेवली, ‘उसने चिट्ठी फाड़ दी’ आणि ‘उसने चिट्ठी को फाड़ दिया’, आणि पाऊण तास त्यावरच गेला. मराठीत चिठ्ठीला फाडलं असं आपण म्हणत नाही, निर्जीव वस्तूला ‘ला’ लावला की कानाला खटकतो. उर्दूत चालतं. पहिल्या वाक्यात नुसतं चिठ्ठी फाडायचं काम झालं, दुसऱ्यात ती चिठ्ठी, जिच्याबद्दल आपण बोलतोय ती, तिचं काय केलं ते सांगायचंय. को आल्याबरोबर ‘दी’ चं ‘दिया’ झालं. माणसांच्या बाबतीत हे मराठीत पण आहे, मी एक मुलगा पाहिला आणि मी त्या मुलाला पाहिलं, मैंने एक लड़का देखा और मैंने उस लड़के को देखा. म्हणजे तत्त्व आपल्याकडे आहेच, उर्दूने ते वस्तूंपर्यंत नेलंय. हे असं कुठल्या पुस्तकात मराठीशी ताडून दिलेलं मला तरी सापडलं नाही.

सामान्यरूप. इथे उर्दू सोपी आहे आणि सोपी आहे म्हणूनच आपण गडबडतो. मराठीत जवळजवळ प्रत्येक नाम प्रत्ययाआधी बदलतं, घर घराला, माणूस माणसाला, विहीर विहिरीला. उर्दूत एकवचनात फक्त आ-कारान्त पुल्लिंगी बदलतात, लड़का लड़के ने, कमरा कमरे में, आणि घर, मर्द, किताब जसेच्या तसे, घर में, मर्द ने, किताब पर. अनेकवचनात मात्र सगळ्यांना ओं, घरों में, मर्दों ने, किताबों पर, लड़कियों को. अब्बा, चचा, राजा आणि दरिया, सहरा हे आ वर संपूनही हलत नाहीत, दरिया में, सहरा में. आणि दुनिया, हवा, दवा, दुआ हे आ वर संपूनही मुअन्नस. गावांची नावं पण बदलतात, आगरे में, कलकत्ते से, आपल्या पुण्याला साताऱ्याला सारखी. आणि को न दिसता सुद्धा बदललेलंच राहतं हे मला फार गोड वाटलं, ‘वो कलकत्ते गया’, ‘अगले हफ्ते आना’. प्रत्यय नाही पण त्याच्यासाठी नामाने केलेली जागा तशीच. बरं ‘मुंबईला चाललोय’ वरून आपल्याकडे ‘मुंबई को जा रहा हूँ’ सर्रास म्हणतात, उर्दूत तिथे को नको, नुसतं मुंबई जा रहा हूँ.

उर्दू लिपीत याला आणखी एक पदर आहे जो हिंदीवरून आलेल्यांना दिसतच नाही. कमरा, पर्दा, बच्चा हे शब्द बऱ्याचदा शेवटी अलिफ नाही तर ‘छोटी हे’ नावाचं अक्षर लावून लिहितात, आणि जुन्या छपाईत में लागल्यावरही ती ‘हे’ तशीच ठेवलेली असायची, वाचायचं मात्र कमरे में. आता बहुतेक लोक ‘बडी ये’ (ए साठीचं अक्षर) लावून उच्चाराप्रमाणे लिहितात. जुनी पुस्तकं वाचायची हौस असेल तर हे माहीत असलेलं बरं, नाहीतर प्रत्येक पानावर वाटतं छापणाऱ्याने चूक केली.

आता सर्वनाम. ‘मैं’ ला को लागला की मुझ होतं, मुझको, मुझसे, मुझमें. मग ने लागल्यावर ‘मुझ ने’ का नाही, ‘मैंने’ का? बॅचमधल्या एका काकांनी विचारलं (बँकेतून रिटायर झालेत, सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचे). आपा म्हणाल्या, मुझ गायब नाही झाला हो काका, मध्ये विशेषण घाला म्हणजे दिसेल. ‘मुझ गरीब ने क्या बिगाड़ा है?’ आणि खरंच, मैं गरीब ने असं कोणी म्हणत नाही. मला त्या क्षणी भाषेचं यंत्र उघडून आतली चाकं दाखवल्यासारखं वाटलं. अशा दहा-बारा जागा कोर्समध्ये आहेत आणि पैसे तिथेच वसूल होतात.

का-की-के चं लेक्चर प्रत्येक मराठी माणसाने ऐकावं असं आहे. चा-ची-चे आणि का-की-के सख्खी भावंडं, पुढच्या नामाप्रमाणे बदलतात, लड़के का घर, लड़के की किताब, सोपं. पण पुढच्या नामाला प्रत्यय लागला की मराठीत सगळ्यांचं ‘च्या’ होतं, त्याच्या भावाला, त्याच्या आईला, त्याच्या घरात. उर्दूत भाऊ आणि घर यांना के, पण आई आली की ‘की’ च राहते. उसके भाई को, पण उसकी माँ को. मराठी माणूस ‘च्या’ च्या सवयीने ‘उसके माँ को बताया’ म्हणतो, आणि लखनौ-दिल्लीच्या माणसाला हे ऐकल्यावर दोन सेकंदांत कळतं हा कुठला. विशेषणांचं पण तेच, चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, आपल्याकडे दोन्हीकडे चांगल्या. उर्दूत अच्छे लड़के को, अच्छी लड़की को. स्त्रीलिंगी ई हलत नाही म्हणजे नाही.

अनेकवचनी स्त्रीलिंगाचा अनुस्वार, हे पण असंच बारीक. ‘लड़कियाँ आईं’ मध्ये आईं ला अनुनासिक. ‘लड़कियाँ आई हैं’ मध्ये आई ला नाही, तो हैं वर गेला. ‘आई थीं’ मध्ये थीं वर. म्हणजे पूर्ण क्रियापदात तो एकदाच येतो, शेवटच्या तुकड्यावर. आणि नकारात है गळला की परत मागे येतो, ‘लड़कियाँ जाती हैं’ पण ‘लड़कियाँ नहीं जातीं’. वर्तमानपत्रात, टीव्हीच्या पट्ट्यांवर ‘आईं हैं’ सर्रास दिसतं. आपा यावर फार कडक, होमवर्कमध्ये लाल पेनने गोल करतात, आणि करायलाच पाहिजे. तसंच ‘दोस्तो!’ म्हणून हाक मारताना अनुनासिक नाही, ‘दोस्तों को’ म्हणताना आहे. मित्रांनो आणि मित्रांना इतका स्वच्छ फरक आपल्याकडे आहे, उर्दूत तो नुसत्या अनुनासिकावर आहे, म्हणून जपायचा.

आदराचं पण सांगते. बाबा आले आहेत, आई आली आहे, मराठीत आई जवळची म्हणून एकेरी. उर्दूत ‘अब्बा आए हैं’, ‘अम्मी आई हैं’, आईला पण बहुवचन. आणि लखनौकडच्या बायका स्वतःला हम म्हणतात तेव्हा ‘हम जाते हैं’ म्हणतात, जाती नाही. आपा स्वतः तशाच बोलतात, ‘हम अभी भेजते हैं आपको शीट’, आधी वाटतं चुकल्या, मग कळतं हम बरोबर पुल्लिंगी बहुवचन घेणं ही तिकडची रीतच आहे.

मुझे चं प्रकरण मराठी माणसाला सगळ्यात सोपं, म्हणून क्लासमध्ये ते भर्रकन उरकतात. मला भूक लागली, मुझे भूख लगी, मला उर्दू येते, मुझे उर्दू आती है, मला जायचंय, मुझे जाना है. पाकिस्तानात पंजाबीच्या वळणाने ‘मैंने जाना है’ खूप ऐकू येतं, तिकडच्या मालिका बघत असाल तर कानावर आलंच असेल, तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे. ‘मुझे किताब पढ़नी है’ की ‘मुझे किताब पढ़ना है’? दिल्लीवाले पढ़नी म्हणतात, क्रियापद किताबच्या मागे. लखनौवाले पढ़ना म्हणतात, हलवत नाहीत. दोन्ही उर्दू, दोन्हीकडे मोठमोठे लोक होऊन गेलेत, हा वाद जुना आहे. मराठी इथे दिल्लीच्या बाजूने, गोष्ट वाचायची आहे, पुस्तक वाचायचं आहे. आपांनी हे लेक्चरला अतिशय छान सांगितलं, त्या तर स्वतः लखनौच्या. पण आठवड्याच्या शेवटी जी क्विझ येते ती गुगल फॉर्मवर, मार्क आपोआप पडतात, आणि तिथे ‘मुझे गजल सुनना है’ ला चूक दिलं! बॅचमधल्या निम्म्या लोकांचे मार्क गेले. सांगितल्यावर आपांनी हाताने मार्क दुरुस्त केले पण फॉर्म अजून तसाच आहे असं पुढच्या बॅचमधल्या मैत्रिणीकडून कळलं. शिकवताना दोन्ही मान्य करायचं आणि तपासताना एकच, हे बरोबर नाही. नवीन माणसाच्या मनात तेच बसतं जे मार्कात दिसतं. क्विझ बनवणारा वेगळा असेल तर आपांनी ती एकदा स्वतः बघावीच.

दुसरी तक्रार ‘से’ ला वेळ कमी दिला. शेवटच्या लेक्चरला घाईघाईत झालं आणि मराठी माणसाला त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे. त्याला विचारलं, त्याला भेटलो, त्याला घाबरतो, आपल्याकडे सगळीकडे ला. उर्दूत उससे पूछा, उससे मिला, उससे डरता हूँ. त्याच्यावर प्रेम केलं म्हणजे उससे मुहब्बत की. पण सांगितलं म्हणजे उसे बताया, आणि कहा असेल तर उससे कहा. विश्वास ठेवला तर मात्र उस पर भरोसा किया. यात नियम कमी आणि सवय जास्त, म्हणून सराव लागतो, आणि सराव नेमका इथेच नाही. किया आणि की चं पण यातच येतं, ‘मैंने उसकी मदद की’ पण ‘मैंने उसका इंतजार किया’, कारण मदद मुअन्नस आणि इंतजार मुजक्कर, करना त्याच्याच मागे जातं, आणि आधीचं का-की सुद्धा. यावर स्वतंत्र लेक्चर हवंच हवं.

शब्दांच्या लिंगाची पीडीएफ मात्र एक नंबर आहे. मराठी आणि उर्दू दोन्हीकडे असलेले पण लिंग बदललेले शब्द त्यांनी वेगळे काढलेत. मजा आली पण मज़ा आया (हा एक नुक्ता देते, बरा दिसतो). आपली जखम स्त्रीलिंगी, उर्दूतली पुल्लिंगी, गहरा जख्म. दुकान आपल्याकडे ते, तिकडे ती, बड़ी दुकान. चहा तो, चाय ती. शहर, वजन, दफ्तर आपल्याकडे नपुंसक, तिकडे पुल्लिंगी. ओळखीचा शब्द असला की माणूस बेसावध असतो, म्हणून ही यादी अनोळखी शब्दांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगाची आहे. क्रियापद जुळवायचं तर आधी लिंग माहीत हवं ना, मुळात सगळं तिथे येऊन थांबतं.

एक गोष्ट क्लासमध्ये ओघात आली ती इथे लिहितेच. मौलवी अब्दुल हक, ज्यांना बाबा-ए-उर्दू म्हणतात, त्यांचं उर्दू व्याकरण 1914 साली आलं, म्हणजे आपल्या मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या मोठ्या व्याकरणानंतर लगेचच. हे अब्दुल हक कितीतरी वर्षं औरंगाबादला होते, अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं काम तिथूनच चालायचं, आणि मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर सुद्धा त्यांनी पुस्तक लिहिलंय. उर्दूला अरबी व्याकरणाच्या साच्यात बसवू नका, ही इथल्या मातीतली भाषा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. फाइल (कर्ता), मफऊल (कर्म), लाजिम, मुतअद्दी ही नावं अरबी राहिली खरी, पण आत ने-को ची जी यंत्रणा आहे ती आपल्या कर्मणी-भावे चीच नातेवाईक. औरंगाबादहून शिकवणाऱ्या बाईने हे मराठी मुलांना सांगावं याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

आता व्यवहाराचं. फी अशा कोर्सच्या मानाने रास्त आहे, दोन हप्त्यांत घेतात. बॅच मोठी झालीय, आमच्या वेळी प्रत्येकाला बोलायला मिळायचं, मैत्रीण सांगते आता मिळत नाही, तर नाव नोंदवताना किती लोक आहेत ते आधी विचारा. रेकॉर्डिंग देऊ म्हणाल्या होत्या, काही लेक्चर्सचं आलं, काहींचं नाही, आणि नेमकं चिट्ठी को फाड़ दिया वालं आलं नाही याची हळहळ आहे. पीडीएफमधला नस्तालिक (उर्दूच्या तिरप्या वळणाचा) फॉन्ट फार बारीक आहे, मोबाईलवर टिंबं दिसत नाहीत, आणि आईं आणि आई चा फरक शेवटच्या एका छोट्या अक्षराचा असेल तर ते मोठं छापलंच पाहिजे. प्रिंट काढून घ्या, ए-फोर वर मोठं करून. होमवर्क मात्र आपा स्वतः तपासतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा, त्याच दिवशी लाल गोल करून परत येतो, आणि नुसतं चूक म्हणत नाहीत, शेजारी मराठी वाक्य लिहून देतात.

ज्यांना फक्त मुशायऱ्यात दाद द्यायची आहे त्यांनी नका घेऊ, कंटाळा येईल. ज्यांची हिंदी शाळेत पक्की झालीय त्यांनाही पहिले दोन आठवडे ओळखीचं वाटेल, पण थांबा, लाना आणि छींकना पर्यंत या. कॉलेजात संस्कृत किंवा मराठी व्याकरण आवडलेली माणसं असतील त्यांनी तर डोळे मिटून घ्या. आणि नाव नोंदवाल तेव्हा आपांना एवढं जरूर सांगा की ‘से’ ला दोन लेक्चर हवीत, आम्ही जुन्या बॅचवाले पण तेच सांगतोय, चार लोकांनी म्हटलं की त्या करतील.